बीएस्सी जिऑलॉजीनंतर प्लॅनेटरी सायन्समध्ये जायचंय, नेमकं काय करू?

मेहकरची_सायली

नमस्कार सगळ्यांना. मी टीवायला आहे, जिऑलॉजी मेन. गाव मेहकरजवळ, त्यामुळे लोणार सरोवर लहानपणापासून बघत आलेय, शाळेच्या सहलीला, पाहुणे आले की त्यांना घेऊन, असं कितीदा तरी. पण एसवायला सर फील्डला घेऊन गेले आणि काठावर उभं करून दाखवलं की बाकी सगळ्या महाराष्ट्रात आडवे पसरलेले बेसाल्टचे थर इथे बाहेरच्या बाजूला कलंडलेत, म्हणजे आघाताने जमीन अक्षरशः उलगडली गेलीय, तेव्हापासून डोक्यात हेच आहे. मला यातच काम करायचंय, चंद्र, मंगळ, उल्का, विवरं.

आता अडचण अशी की विचारायला आसपास कोणी नाही. सर चांगले आहेत पण त्यांचा विषय भूजल. प्लॅनेटरी सायन्सची एमएस्सी शोधली तर आपल्याकडे नीट काही सापडत नाही. इन्स्टावर सारख्या जाहिराती येतात, आठ आठवड्यांचा कोर्स करा, पंधरा हजार भरा, इंटरनॅशनल स्पेस इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मिळेल, ते खरं असतं का? आणि बातम्यांमध्ये एकीकडे चंद्रयान ४ येतंय म्हणतात, दुसरीकडे नासामध्ये कपात चाललीय म्हणतात, मग या क्षेत्रात आत्ता शिरावं का?

घरून विरोध नाहीये, पण काका म्हणतात एमपीएससी कर, आणि पप्पा काही बोलत नाहीत पण त्यांना काळजी आहे की पाच-सहा वर्षं शिकून पुढे पोट कशावर भरणार. त्यांना सांगायला माझ्याकडे ठोस काहीतरी पाहिजे. ज्यांना माहितीये त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

कातळ_आणि_चंद्र

अगं सायली, मी अहमदाबादला पीएचडी करतेय, चंद्रावरच्या खनिजांवर, मूळची साताऱ्याची आणि माझीही बीएस्सी जिऑलॉजीचीच, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही.

पहिलं म्हणजे त्या नावाची एमएस्सी शोधण्यात वेळ घालवू नकोस. इथे माझ्या आजूबाजूला काम करणारे जिऑलॉजी, फिजिक्स, केमिस्ट्री, रिमोट सेन्सिंग असे कुठून कुठून आलेत. ग्रहांवर काम करायला आधी एक विषय पक्का लागतो, आणि तुझा तो आधीच आहे. चंद्रावरचे काळे डाग बेसाल्टचे, मंगळाचा मोठा भाग बेसाल्टचा आणि तू दख्खनच्या बेसाल्टवर वाढलेली मुलगी आहेस, याहून चांगली सुरुवात कुठली. तेव्हा एमएस्सी जिऑलॉजी किंवा अप्लाइड जिऑलॉजीच कर, मिनरॉलॉजी आणि पेट्रॉलॉजी मनापासून कर, सोबत रिमोट सेन्सिंग आणि थोडं पायथन. जॅम दे, म्हणजे आयआयटीच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, त्यात जिऑलॉजीचा वेगळा पेपर असतो, फॉर्म साधारण सप्टेंबरात सुटतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. आयआयटी मुंबई, खरगपूर, रुरकी सगळीकडे त्यावरच घेतात. नाही झालं तरी पुणे विद्यापीठ, नागपूर विद्यापीठ आहेतच, तिथून पुढे आलेले लोक मी बघतेय.

एमएस्सीनंतर नेट. सीएसआयआर-नेटमध्ये जो पेपर आपल्याला असतो तो पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा एकत्रच आहे, वर्षातून दोनदा होतो. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, निघाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, घरभाडे भत्ता वेगळा. हा आकडा पप्पांना सांग, शिकताना घरून पैसे मागावे लागत नाहीत. पीआरएल म्हणजे अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा नेट किंवा गेटवर इंटरव्ह्यू घेऊन मुलं घेते, आणि त्यांची उन्हाळी इंटर्नशिप पण असते, एमएस्सीला गेलीस की तिच्यावर लक्ष ठेव.

आता बातम्यांचं. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने एकाच दिवशी चंद्रयान ४ ला २,१०४ कोटी आणि शुक्राच्या ऑर्बिटरला १,२३६ कोटी मंजूर केले. शुक्राचं यान मार्च २०२८ मध्ये सोडायचं ठरलंय. जपानबरोबरच्या चंद्रयान ५ ला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, त्यातला रोव्हर, म्हणजे चंद्रावर चालणारी गाडी, कितीतरी जड आहे, चंद्रयान ३ चा प्रज्ञान फक्त २६ किलोचा होता. मला स्वतःला यात सगळ्यात महत्त्वाचं चंद्रयान ४ वाटतं कारण ते माती-दगड परत आणणार आहे. फोटो बघून अंदाज बांधणं वेगळं आणि नमुना हातात घेऊन त्याची थिन सेक्शन (मायक्रोस्कोपखाली बघायला केलेला खडकाचा पातळ काप), मायक्रोप्रोब, आयसोटोप करणं वेगळं, आणि त्या कामाला जिऑलॉजिस्टच लागतात. तू एमएस्सी होशील तो काळ आणि हे सगळं व्हायचा काळ जवळपास एकच आहे गं.

नुसतं यान उतरलं म्हणजे झालं असं नसतं, खरं काम नंतर सुरू होतं. प्रज्ञान चंद्रावर जेमतेम १०३ मीटर चालला, त्यात एपीएक्सएस नावाच्या उपकरणाने २३ ठिकाणी माती मोजली. ते उपकरण पीआरएलचं. त्या २३ मोजण्यांवरून असं निघालं की तिथली माती सगळीकडे जवळपास सारखी आहे आणि मुख्यतः फेरोअन ॲनॉर्थोसाइटची, म्हणजे प्लॅजिओक्लेज या खनिजाने भरलेल्या खडकाची आहे, म्हणजे एके काळी चंद्र वितळलेल्या खडकाचा समुद्र होता आणि हलकं प्लॅजिओक्लेज वर तरंगून कवच झालं या कल्पनेला दक्षिण ध्रुवाकडच्या भागातून पहिल्यांदा जागेवरच्या मोजणीचा आधार मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये नेचरमध्ये आला तो पेपर. तू सेकंड इयरला जे प्लॅजिओक्लेज शिकलीस तेच हे.

आणि ते पंधरा हजार भरू नकोस, अजिबात. असल्या सर्टिफिकेटला कुठल्याही लॅबमध्ये कोणी विचारत नाही. डेहराडूनची आयआयआरएस इस्रोचीच संस्था आहे, तिचे रिमोट सेन्सिंगचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात. इस्रोचा स्टार्ट म्हणून कार्यक्रम आहे, तो फायनल इयर आणि एमएस्सीच्या मुलांसाठीच आहे, कॉलेजमार्फत करावा लागतो, सरांना सांगून कॉलेजचं नाव नोंदवायला लाव.

डेटासुद्धा फुकट आहे. इस्रोचं प्रदान नावाचं पोर्टल आहे, नोंदणी केली की चंद्रयान १, २, ३ चा डेटा उतरवता येतो. चंद्रयान २ चा ऑर्बिटर २०१९ पासून फिरतोय, त्याच्या ओएचआरसी कॅमेऱ्यात पिक्सेल पाव मीटरचा असतो, चंद्रावरचा मीटरभराचा दगड दिसतो. घरी बसून दिसतो, मेहकरला.

निवृत्त_भूशास्त्री_नागपूर

सायली बाळा, वरच्या ताईने अभ्यासाचं बरोबर सांगितलंय, मी जमिनीवरचं सांगतो, आयुष्य त्यातच गेलं.

लोणारला तू सहलीची जागा म्हणून बघितलंस, आता प्रयोगशाळा म्हणून बघ. बेसाल्टमध्ये झालेलं आणि इतकं नीट टिकलेलं आघात विवर पृथ्वीवर फार दुर्मिळ, म्हणून जगभरचे लोक इथे येतात. व्यास जवळपास १.८ किलोमीटर. वय आधी पन्नास हजार वर्षं सांगायचे, नंतर आर्गॉन पद्धतीने केलं तेव्हा ५ लाख ७० हजारांच्या आसपास आलं, यावर अजून वाद चालतो आणि तो वाद वाचण्यासारखा आहे, कारण एकाच जागेचं वय दोन पद्धतींनी इतकं वेगळं का येतं हे कळलं की अर्धं जिओक्रोनॉलॉजी, म्हणजे खडकांचं वय काढायचं शास्त्र, कळलं.

इथल्या धक्का बसलेल्या बेसाल्टची थिन सेक्शन कधी मिळाली तर नक्की बघ. साध्या प्रकाशात प्लॅजिओक्लेजच्या काड्या अगदी नेहमीसारख्या दिसतात, आकार शाबूत, कडा शाबूत, पण क्रॉस्ड निकोल केलं, म्हणजे मायक्रोस्कोपमधले दोन ध्रुवीकारक एकमेकांना आडवे केले की त्याच काड्या मिट्ट काळ्या, स्टेज कितीही फिरवा काळ्याच राहतात. स्फटिक न वितळता आतून काच होऊन गेलाय. त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात, मंगळावरून आलेल्या उल्कांमध्येही ते असतं. १९७० च्या दशकात लोणारच्या तळाशी ड्रिलिंग झालं तेव्हाच्या नमुन्यांत हे सापडलं आणि आघाताचा पुरावा पक्का झाला. मी वर्गात ही स्लाइड दाखवायचो तेव्हा मुलं जेवायची सुट्टी विसरायची.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळ. लोणार अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथला खडा उचलायचा नाही. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज, कशासाठी, किती नमुने, कुठून, हे सगळं स्पष्ट लिहून द्यायचं. वेळ लागतो पण मिळते परवानगी. कलंडलेल्या थरांचा कल आणि दिशा मोजायला, फोटो आणि नोंदी घ्यायला हातोडा लागतच नाही, क्लिनोमीटर कंपास पुरे, तिथून सुरू कर.

दुसरं, उल्का. २२ मे २०१२ ला काटोलला, आमच्या नागपूर जिल्ह्यात, उल्कापात झाला होता. जीएसआयने (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) आणि इतरांनी तुकडे गोळा केले. त्यातल्याच एका तुकड्यात आघाताच्या बारीक शिरेमध्ये आयआयटी खरगपूरच्या मंडळींना ब्रिजमनाइट सापडलं, २०२१ साली पेपर आला. आता हे खनिज पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली सगळ्यात जास्त आहे, पण तिथवर जाऊन ते कोणी आणू शकत नाही, आणि ते काटोलच्या शेतात पडलेल्या दगडात मिळालं! तेव्हा विदर्भात बसून काय होणार असा विचार कधी मनात आणू नकोस.

आणि वडिलांसाठी. जिऑलॉजीची एमएस्सी असेल तर प्लॅनेटरी नाही जमलं तरी रस्ता बंद होत नाही. यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देऊन जीएसआय, केंद्रीय भूजल मंडळ, राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा, ओएनजीसी, आणि रिमोट सेन्सिंग येत असेल तर नागपुरात राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र एमआरसॅक आहे, इस्रोचं प्रादेशिक केंद्रही आहे. काकांना म्हणावं अभ्यास तोच आहे, फक्त माझं लक्ष पहिल्यांदा चंद्रावर आहे.

राइनच्या_पलीकडे

मी जर्मनीत पोस्टडॉक आहे, विषय ग्रहांचे पृष्ठभाग. बाहेरचं चित्र थोडक्यात देतो कारण सायलीने नासाचं विचारलंय.

कपातीची बातमी खरी आहे. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने नासाच्या विज्ञानाच्या बजेटमध्ये जवळपास निम्मी कपात सुचवली होती, आणि त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्येच नासाची यानं बनवणाऱ्या जेपीएल प्रयोगशाळेने साधारण ५३० लोक कमी केले होते. सुचवलेलं सगळं तसंच्या तसं होतं असं नाही, तिकडे शेवटी संसद ठरवते, पण अशा वेळी विद्यापीठं नवीन मुलं घेताना हात आखडता घेतात हे मात्र मी मित्रांकडून रोज ऐकतोय. शिवाय नासाच्या केंद्रांमधल्या थेट नोकऱ्या बहुतांशी अमेरिकन नागरिकांसाठीच असतात, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही आणि मुलं 'नासात जाणार' म्हणून कर्ज काढतात, वाईट वाटतं. विद्यापीठात पीएचडी करून नासाच्या मोहिमेवर काम करता येतं, तो रस्ता आहे, पण फंडिंग हातात असल्याशिवाय जायचं नाही. स्वतःचे पैसे घालून प्लॅनेटरी सायन्सची मास्टर्स करायला बाहेर जाऊ नको असंच मी म्हणेन.

युरोपात पीएचडी म्हणजे पगारी नोकरी. ग्योटिंगेनला माक्स प्लांक संस्थेची सूर्यमालेवरची खास पीएचडी शाळा आहे, शिकवणं इंग्रजीत, अर्ज जगभरातून घेतात. बर्लिनला डीएलआर, म्हणजे जर्मनीची अंतराळ संस्था आहे. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी योजनेतल्या पीएचडी जागा बघत जा, तिथे अट अशी की ज्या देशात जायचं तिथे मागच्या तीन वर्षांत बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, म्हणजे भारतातून थेट अर्ज करणाऱ्याला उलट सोपंच.

आणि वेळ बघ किती छान जुळून येतेय. बेपीकोलंबो यान नोव्हेंबर २०२६ मध्ये बुधाभोवती पोचायचंय, युरोपा क्लिपर यान २०३० ला गुरूपाशी, ज्यूस यान २०३१ ला. तू समज २०२८ ला पीएचडीला लागलीस तर तुझ्या हातात अशा जागांचा डेटा येईल जो आज कोणाकडेच नाही. नमुन्यांचंही तसंच. जपानच्या हायाबुसा २ यानाने रियुगू या लघुग्रहावरून आणलेल्या ५.४ ग्रॅममधला वाटा मिळावा म्हणून जपानकडे कुठल्याही देशाचा संशोधक अर्ज करू शकतो. बेन्नू या दुसऱ्या लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम आले. चीनने चांग-ई ६ मधून चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे १,९३५ ग्रॅम आणले. जगात नमुने वाढतायत, ते वाचता येणारी माणसं कमी आहेत.

दर मार्चमध्ये टेक्ससला लूनर अँड प्लॅनेटरी सायन्स कॉन्फरन्स होते, ॲबस्ट्रॅक्ट दोनच पानांचं असतं आणि जुन्या वर्षांचे सगळे फुकट वाचता येतात. पेपर जड वाटले तर आधी हे वाच. आपल्याकडे पीआरएल भारतीय ग्रहविज्ञान परिषद भरवते, पहिलं पोस्टर तिथे लाव.

सोल्डरिंग_आयर्न

मध्येच विचारतो, मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग करतोय, थर्ड इयर, दगडांचं काही कळत नाही पण उपकरणं बनवायला आवडतं. मला यात जागा आहे का?

कातळ_आणि_चंद्र

@सोल्डरिंग_आयर्न आहे ना, भरपूर. एपीएक्सएससारखं उपकरण दगडवाले नाही बनवत, डिटेक्टर आणि सर्किटवाले बनवतात, आम्ही फक्त वाट बघतो. पीआरएल, अहमदाबादचंच स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर, बंगळुरूला यू. आर. राव सॅटेलाइट सेंटर, ही नावं लिहून ठेव. इस्रोची इंजिनिअरभरती इलेक्ट्रॉनिक्सला असतेच, आणि तिरुवनंतपुरमला आयआयएसटीत एमटेक गेटवर होतं. वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर बोलू.

मेहकरची_सायली

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, सर तुमचं उत्तर मी पप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं, काटोलचं ऐकून ते स्वतःच म्हणाले की तो दगड कुठे बघायला मिळेल. जॅमचं वेळापत्रक लावते आता.

ताई, प्रदानवर रजिस्ट्रेशन केलं, पण आत गेल्यावर फाइल्स बघून घाबरले, एकेक फाइल केवढी मोठी आणि उघडायची कशात तेच कळेना. माझा लॅपटॉप साधाच आहे, आठ जीबीचा. मला एकटीला जमेल असं एखादं छोटं काम सांगाल का, ज्याचं काहीतरी दाखवता येईल?

कातळ_आणि_चंद्र

हो, सांगते. विवरं मोज. अगदी खरं काम आहे हे, चंद्रावरच्या जागांची वयं याच पद्धतीने काढतात. जितका पृष्ठभाग जुना तितकी त्याच्यावर जास्त विवरं, आणि अपोलोच्या दगडांची वयं लॅबमध्ये काढलेली असल्याने तो हिशोब वर्षांत बसवता येतो.

ओएचआरसीपासून सुरू करू नकोस, त्या फाइल्स खरंच जड आहेत. चंद्रयान २ च्या टीएमसी २ कॅमेऱ्याचा एक तुकडा घे, पिक्सेल ५ मीटरचा असतो, किंवा नासाच्या एलआरओ या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाचा फोटो घे, तोही फुकट. क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर आठ जीबीत व्यवस्थित चालतं, त्यात ओपनक्रेटरटूल नावाचं प्लगइन टाक, विवराच्या काठावर तीन ठिकाणी क्लिक केलं की वर्तुळ आणि व्यास येतो. इम्ब्रियम किंवा सेरेनिटॅटिसमधला सपाट मारियाचा, म्हणजे त्या काळ्या बेसाल्टी मैदानाचा छोटा चौकोन निवड, डोंगराळ भाग पहिल्यांदा नको.

तीन ठिकाणी लोक घसरतात ती आधीच सांगते. एक तर सूर्याचा कोन. ऊन तिरपं असेल तर सावल्या लांब पडतात आणि उथळ विवरंही उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात तीच दिसेनाशी होतात, म्हणून फोटो निवडतानाच सूर्य खाली असलेला घे. मग प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृष्ठभाग सपाट नकाशावर मांडायची पद्धत, ते चंद्राचं आणि तुझ्या भागापुरतं लावलंय ना बघ, नाहीतर क्षेत्रफळ चुकतं आणि वयही चुकतं. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे दुय्यम विवरं, म्हणजे मोठा आघात झाल्यावर उडालेल्या दगडांनी पडलेले खड्डे. ते रांगेत किंवा घोळक्याने असतात, थोडे लांबट असतात, ते मोजायचे नाहीत. यात नजर तयार व्हायला वेळ लागतो, एकच चौकोन आठवड्याने परत मोज आणि दोन्ही आकडे ताडून बघ.

झालं की एक नकाशा, एक आलेख आणि पानभर मजकूर, एवढंच कर. इंटर्नशिपसाठी मेल करताना ते जोड. मेल दहा ओळींचा हवा, ज्यांना पाठवतेस त्यांचा एक तरी पेपर वाचलेला हवा आणि त्यातलं काय आवडलं ते एका वाक्यात हवं. चाळीस जणांना एकच मेल पाठवतात त्यातला करू नकोस, तो लगेच ओळखू येतो.

चौकोन निवडलास की इथेच त्याचे अक्षांश-रेखांश टाक, मी त्याच तुकड्यावर माझी मोजणी करते, मग तुझी आणि माझी वर्तुळं एकावर एक ठेवून बघू.

निवृत्त_भूशास्त्री_नागपूर

मलाही पाठवा. आणि सायली, वडिलांना सांग, नागपूरला आलात की जीएसआयच्या ऑफिसात आधी फोन करून चौकशी करा, काटोलचा तुकडा बघायला मिळतो का. मी येईन सोबत.